खेळाची ओळख : चित्रांवरून कीं नियमांवरून?

बुद्धिबळाच्या पटावर आपण ज्याला उंट म्हणतों, त्याला इंग्रज लोक बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्ष, म्हणतात. आपला वजीर त्यांच्याकडे राणी झाला आहे, आणि आपला हत्ती किल्ल्याचा बुरूज होऊन बसला आहे. एवढें रूपांतर होऊनहि डाव मोडला नाहीं. मुंबईचा मुलगा व लंडनचा मुलगा एका पटापाशीं बसले, तर एकमेकांची भाषा न समजतांहि दोघांना खेळतां येईल. कारण तिरपें चालणारें मोहरें तिरपेंच चालतें, मग त्याला उंट म्हणा कीं बिशप म्हणा. उलट, आपल्या जुन्या देशी रीतींत प्यादें पहिल्या चालीलाहि एकच घर पुढें सरके. विलायती रीतींत त्याला आरंभीं दोन घरें जाण्याची मुभा मिळाली. बदल एका घराचा, पण तेवढ्यानें डावाचा सारा आरंभ निराळा होतो, आणि ज्यानें एका रीतीनें हात बसविला आहे तो दुसऱ्या रीतींत चांचपडतो. यावरून उघड होतें कीं, खेळाचें स्वत्व नांवांत व रूपांत नसून नियमांत असतें.

हा विचार शाळेच्या वार्षिक अंकांत मांडण्यास तसेंच कारण घडलें आहे. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी सुटींत एकत्र बसून एका निराळ्या तऱ्हेचा खेळ खेळूं लागले आहेत. त्याला भूमिकाखेळ म्हणावें. पुस्तकाच्या वेष्टनावर पंख पसरलेला अग्निमुखी सर्प, आंत मांत्रिक, राक्षस व भुयारें, हें पाहून कांहीं पालकांस काळजी वाटली. दुसऱ्या कांहींनीं 'पोरखेळ आहे, त्यांत काय पाहावयाचें!' असें म्हणून तो विषय सोडून दिला. आम्हांला दोन्ही मतें सारखींच उणीं वाटतात; कारण दोन्ही पक्ष नियमांचें पुस्तक मिटलेलें ठेवूनच निकाल देतात. आमचें मत थोडक्यांत असें : अशा खेळांत पात्र कोणत्या कृत्यानें वाढतें हें सांगणारा जो नियम, तोच त्या खेळाला त्याचें स्वत्व देतो. बाकीचे नियम कमीअधिक महत्त्वाचे असतील, पण ते या नियमाच्या मागून येतात. हें मत आम्ही कां धरतों, तें आतां क्रमानें सांगतों.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम चार शब्द. टेबलाभोंवतीं चारपांच जण बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकीं एक पात्र आपल्याकडे घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मसेवक. सूत्रधार प्रसंग सांगतो : समोर नदी आहे, पूल मोडला आहे, पलीकडच्या तीरावर एक दिवा हालतो आहे. मग ज्यानें त्यानें आपलें पात्र काय करतें तें सांगावयाचें. कृत्य सहज होण्यासारखें असेल तर तें होतें, अशक्य असेल तर होत नाहीं, आणि शंकेचें असेल तर फांसा टाकून निकाल लावतात. कोणी कोणाला हरवावें असा हेतु नसतो, आणि एकच कथा महिनेच्या महिने चालूं शकते. नाटकाप्रमाणें येथें भूमिका आहे, पण पाठ केलेलीं भाषणें नाहींत. सोंगट्यांप्रमाणें फांसे आहेत, पण घर गांठण्याची शर्यत नाहीं.

या जातीचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तो रचला, आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवच्या एका लहानशा कंपनीनें १९७४ सालीं एका पेटींत तीन पुस्तिका घालून तो विकावयास काढला. पहिली छपाई अवघ्या एक हजार प्रतींची होती. त्याचें कुळ शोधीत मागें गेलें तर मात्र तें आपल्या दारापर्यंत येतें. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं एक युद्धखेळ वापरीत. त्यांत दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा एक पंच असे. आजच्या सूत्रधाराचा पूर्वज तोच. त्या युद्धखेळांचे आरंभींचे नमुने युरोपांत बुद्धिबळावरून बेतले होते, आणि बुद्धिबळाचें मूळ आपल्या देशांतील चतुरंगांत आहे. पणतू परदेशीं वाढला म्हणून पणजोबानें त्याला अगदींच परका मानूं नये.

आतां या खेळाचा प्राण कोणत्या नियमांत आहे असें विचारलें, तर खेळणारीं मुलें बहुधा प्रथम फांशांकडे बोट दाखवितात. फांसे आहेतहि मोठे सुंदर. चार, सहा, आठ, बारा व वीस बाजूंचे जे पांच सुसम घन युक्लिडनें आपल्या भूमितीच्या तेराव्या ग्रंथांत सिद्ध केले, तेच येथें मुलांच्या मुठींत येतात. त्यांचें गणितहि शिकण्यासारखें आहे. वीस बाजूंचा एक फांसा टाकला तर प्रत्येक आंकडा पडण्याचा संभव सारखाच, म्हणजे वीसांत एक. पण सहा बाजूंचे तीन फांसे एकदम टाकले तर दोनशें सोळा वेळांत दहा ही बेरीज सत्तावीस वेळां येते आणि अठरा ही बेरीज अवघी एकदां. पात्राचें बळ, चापल्य, बुद्धि, शहाणपण वगैरे सहा गुण पहिल्या पुस्तिकेंत तीन फांशांच्या बेरजेनें ठरवीत, म्हणून सामान्य माणसें पुष्कळ निपजत आणि भीम क्वचित्. लढाईंतील घाव मात्र वीस बाजूंच्या एका फांशावर, म्हणून तेथें दैवाचा खेळ अधिक. एवढें खरें असलें तरी फांसा हा खेळाचा प्राण नव्हे. १९७५ सालींच 'टनेल्स अँड ट्रोल्स' या नांवाचा दुसरा खेळ निघाला. त्यांत केवळ सहा बाजूंचे साधे फांसे होते, तरी पाहणाऱ्याला तो त्याच घरचा वाटला. फांशानें खेळाला ताल मिळतो. गाणें कोणतें, हें ताल सांगत नाहीं.

कांहीं जण म्हणतात कीं, पात्रांचे पेशे हेंच या खेळाचें लक्षण. या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. १९७४ च्या पुस्तिकांत तीनच पेशे होते : योद्धा, मांत्रिक व धर्मसेवक. योद्ध्याला कोणतेंहि शस्त्र चाले, पण मंत्र एकहि येत नसे. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य, आणि पहिल्या पायरीवर त्याला दिवसाकाठीं एकच मंत्र मिळे. धर्मसेवकाला धारेचें शस्त्र हातीं धरण्याची मनाई होती. प्रेतपिशाचांना मागें हटविण्याचें सामर्थ्य मात्र त्याच्यापाशीं होतें. वेष्टनावरील राक्षस पाहून दचकणाऱ्या पालकांना हें ऐकून नवल वाटेल कीं, त्या पहिल्या पुस्तिकेंतील बाजाराच्या यादींत दोन मोहरांचा लांकडी क्रूस व पंचवीस मोहरांचा रुप्याचा क्रूसहि नोंदलेला आहे. विनोदाची गोष्ट सोडली तरी पेशांचा हेतु उघड आहे. एकालाहि सर्व कांहीं येत नाहीं. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत प्रेषित पौलानें शरीर व अवयव यांचा जो दाखला दिला आहे, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नियमाचें मर्म निराळें सांगावयास नको.

हा नियम किती खोल रुजलेला होता हें २००८ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं या खेळाची चौथी आवृत्ति निघाली. त्यापूर्वीं मांत्रिकाची रीत अशी असे कीं, त्यानें सकाळीं मंत्र निवडून मनांत साठवावेत, आणि एकदां उच्चारलेला मंत्र स्मृतींतून पुसून जावा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून घेतलेली. त्यामुळें मांत्रिकाचा खेळ दूरदृष्टीचा व काटकसरीचा, तर योद्ध्याचा खेळ दमाचा. चौथ्या आवृत्तीनें सर्व पेशांना एकाच सांच्यांत बसविलें : कांहीं कृत्यें वाटेल तेव्हां, कांहीं एका झुंजींत एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. हिशेब नीटनेटका झाला. परंतु जुन्या खेळाडूंपैकीं पुष्कळांना हा आपला खेळच नव्हे असें वाटलें. १९७४ पासून चालत आलेल्या घराण्याचा मागील धागा धरून दुसऱ्या एका कंपनीनें २००९ सालीं 'पाथफाइंडर' नांवाचा निराळा खेळ काढला, आणि असंतुष्टांपैकीं बरेच जण तिकडे वळले. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत मंत्रांची निवड व त्यांचा मोजका सांठा पुन्हा आला. याच्या उलट, चिलखताचे आंकडे पूर्वीं लहान तितके चांगले असत, ते २००० सालीं मोठे तितके चांगले असे उलटे केले गेले. त्यानें हिशेब सोपा झाला एवढेंच, खेळ तोच राहिला. कांहीं नियम अंगावरील कपडे असतात, कांहीं अंगांतील हाडें असतात. पेशांमधला भेद हें हाड आहे हें आम्हांस मान्य आहे.

तरी आम्ही कणा म्हणतों तो वाढीच्या नियमाला. त्याचें कारण आंकड्यांनींच दाखवूं. १९८१ सालीं नवशिक्यांसाठीं या खेळाची एक आवृत्ति निघाली. तींत योद्ध्याला पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढण्यास २,००० अनुभवांक लागत. भुयारांतून सुखरूप बाहेर आणलेल्या धनापैकीं प्रत्येक सुवर्णनाण्याच्या किंमतीमागें एक अंक मिळे. गॉब्लिन नांवाच्या खुज्या राक्षसाचा पराभव केल्याबद्दल मिळत अवघे पांच. म्हणजे निव्वळ मारामारीनें चढावयाचें तर चारशें गॉब्लिन लोळवावे लागत, आणि तीच मजल दोन हजार नाण्यांची एक पेटी उचलून आणल्यानें गांठतां येई. हे अंक सोबत्यांत वांटून घ्यावे लागत ती गोष्ट वेगळीच. शिवाय नव्या योद्ध्याचे प्राणांक आठ बाजूंच्या एका फांशानें ठरत, आणि शत्रूचा एक घाव एकापासून सहांपर्यंत प्राणांक घेऊन जाई. दोन घाव बसले कीं बहुधा आटोपलें.

या दोन आंकड्यांमधून खेळाचा सारा स्वभाव निपजला. शहाणा खेळाडू तलवार म्यानांत ठेवी. राक्षसाशीं बोलणें लावी, त्याला चकवी, किंवा तो झोंपला असतां पेटी हलवी. नकाशे काढणें, दाराशीं कान लावणें, मशाली मोजून नेणें, परतीची वाट राखणें, या गोष्टींना मोल आलें. 'लढूं नका, धन आणा' असें वाक्य पुस्तकांत कोणी ठळक अक्षरांत छापलें नव्हतें. हिशेबाच्या एका ओळीनें तें न बोलतां शिकविलें. पुढें १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत धनाबद्दल अंक देणें ऐच्छिक ठरलें, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत ती रीत गेली. अडचणींवर, आणि व्यवहारांत विशेषेंकरून शत्रूंवर, मात करणें हाच अनुभवाचा मुख्य झरा झाला. पेशे तेच, सहा गुण तेच, फांसे तेच, राक्षसहि तेच. पण जो पूर्वीं भुयारांत पावलें न वाजवितां शिरे, तो आतां दार लाथेनें उघडूं लागला. खेळाचें नांव बदललें नाहीं, खेळाडूचें वर्तन बदललें.

आतां याच्या शेजारीं दुसरा एक बदल ठेवून पाहूं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती लोकांनीं या खेळाला सैतानी म्हणून धिक्कारलें. १९८३ सालीं त्याच्याविरुद्ध एक संस्थाच निघाली, आणि १९८४ सालीं जॅक चिक यानें 'डार्क डन्जन्स' ही चित्रपुस्तिका छापून खेळणाऱ्यांना नाशाचें भय घातलें. कंपनीनें १९८९ च्या आवृत्तींतून सैतान व भुतें यांचीं रूढ नांवें काढून टाकलीं. पुढें तेच जीव बनविलेल्या नव्या नांवांनीं परत आले, आणि २००० सालीं जुनीं नांवेंहि परत आलीं. या काढण्याघालण्यानें टेबलावर काय बदललें? कांहींच नाहीं. त्यापूर्वीं, टोल्किनच्या ग्रंथांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांच्या तक्रारीमुळें 'हॉबिट' हें नांव काढून 'हाफलिंग' घातलें, तेव्हांहि तो बुटका माणूस पूर्वींप्रमाणेंच चालतबोलत राहिला. बुद्धिबळाच्या उंटाचा बिशप झाला, त्यांतलीच ही गोष्ट.

त्या ख्रिस्ती बंधूंचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलांच्या मनाची काळजी वाहणें हा आईबापांचा धर्मच आहे. परंतु त्यांचा बाण चित्रांवर जाऊन बसला, नियमांना लागला नाहीं. त्यांनीं पुस्तक उघडून हिशेबाचें पान पाहिलें असतें, तर याहून रास्त आक्षेप त्यांच्या हातीं आला असता. तो असा : या खेळांत मनुष्य लुटीनें किंवा वधानेंच कां वाढावा? जखमी शत्रूला सोडून देणाऱ्याला, सांपडलेली ठेव धन्याला परत करणाऱ्याला, दिलेला शब्द पाळण्यासाठीं तोटा सोसणाऱ्याला या वहींत एकहि अंक कां नसावा? कागदी मांत्रिकाच्या खोट्या मंत्रानें मुलगा बिघडेल असें आम्हांस वाटत नाहीं. परीकथा वाचणारें मूलहि तें खोटें आहे हें ओळखतें. पण ज्या कृत्याला पुन्हा पुन्हा शाबासकी मिळते, त्या कृत्याकडे मन झुकतें, आणि तें झुकणें खोट्या राज्यांतहि खरेंच असतें.

वाढीचा नियम बदलला कीं दुसराच खेळ जन्माला येतो, याचीं दोन उदाहरणें देतों. पहिलें 'रूनक्वेस्ट' या खेळाचें. तो १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत निघाला. त्यांत पेशेहि नाहींत आणि पायऱ्याहि नाहींत. पोहणें, भाला फेंकणें, माग काढणें अशा प्रत्येक विद्येपुढें शंभरांतला एक आंकडा असतो. कथेच्या ओघांत जी विद्या यशस्वीपणें वापरली, तिच्यापुढें खूण करावयाची. पुढें सवड मिळाली कीं फांसे टाकावयाचे, आणि पडलेली संख्या आपल्या आंकड्याहून मोठी असली तरच ती विद्या वाढते. म्हणजे साधारणतः ज्याला शंभरांत तीस येतें त्याला वाढीचा संभव सत्तर, आणि ज्याला नव्वद येतें त्याला केवळ दहा. अज्ञ लवकर शिकतो, निष्णाताला थोडें शिकण्यासहि फार थांबावें लागतें. ज्यांनीं हार्मोनियमवर बोटें बसविलीं आहेत किंवा व्याकरण घोकलें आहे, त्यांना हा अनुभव खराच वाटेल. येथें लूट केल्यानें भाला फेंकतां येत नाहीं; भाला फेंकल्यानेंच येतो. म्हणून या खेळाची चव उद्योगाची आहे.

दुसरें उदाहरण आम्हांला अधिक प्रिय आहे. ग्रेग स्टॅफर्ड यानें १९८५ सालीं आर्थर राजाच्या सरदारांविषयीं 'पेंड्रॅगन' नांवाचा खेळ रचला. त्यांत शरीराच्या गुणांबरोबर मनाचे गुणहि आंकड्यांनीं लिहितात, आणि तेहि विरुद्ध जोड्यांनीं : क्षमा व सूड, दया व क्रौर्य, औदार्य व स्वार्थ, नम्रता व गर्व, सत्य व कपट. अशा तेरा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. क्षमा बारा असेल तर सूड आठ. क्षमा एकानें वाढली कीं सूड एकानें उतरलाच. कसोटीच्या वेळीं खेळाडूला कधीं कधीं त्या आंकड्यावर फांसा टाकावा लागतो, आणि गर्विष्ठ सरदाराला नम्रतेचें भाषण करावयाचें असूनहि गर्व त्याचें तोंड धरतो. जो गुण ठळकपणें वापरला त्याच्यापुढें खूण होते, आणि वर्षाअखेर हिवाळ्यांत त्याची वाढ ठरते. वर्षें खरोखरच सरतात, पस्तिशीनंतर सरदाराला वार्धक्याचे फांसे टाकावे लागतात (आम्हां चाळिशी उलटलेल्यांना हा नियम अंमळ निष्ठुर वाटतो!), आणि तो गेला कीं त्याचा पुत्र ढाल उचलतो. तलवारी, वाडे व जादुगारिणी येथेंहि आहेत. चित्रें शेजारीं ठेवलीं तर दोन खेळ सख्खे भाऊ दिसतील. पण एका वहींत नाणीं मोजतात आणि दुसऱ्या वहींत क्षमा मोजतात. यांना एकच खेळ कोण म्हणेल?

आमच्या मताविरुद्ध दोन गोष्टी सांगतां येतील, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे. पहिली अशी कीं, वाढीचा नियम महिन्या दोन महिन्यांनीं लागू होतो. खेळणाऱ्याच्या हाताला क्षणोक्षणीं लागतात ते चालीचे नियम. याला पाथफाइंडरचाच दाखला आहे. त्याच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत प्रत्येक पात्राला आपल्या पाळीला तीन कृती मिळतात, त्या त्यानें हव्या तशा खर्चाव्या. २०२३ सालीं परवान्याच्या वादानंतर त्या कंपनीनें आपलीं पुस्तकें नव्यानें काढून जुन्या घराण्याच्या खुणा वगळल्या : चांगल्यावाइटाचे ठराविक पक्ष गेले, तीनापासून अठरापर्यंतचे गुणांक गेले, मंत्रांचीं आठ कुळें गेलीं. तीन कृतींचा नियम मात्र राहिला, आणि त्यावरून तो खेळ अजूनहि चटकन् ओळखतां येतो. हें आम्हांस मान्य आहे. परंतु चालीवरून मनुष्य दुरून ओळखूं येतो, एवढ्यानें तो कसा आहे हें कळत नाहीं. तो कशासाठीं झटतो हें कळलें म्हणजे तो कसा आहे हें कळतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, सूत्रधार चांगला असला तर वाईट नियमांतूनहि चांगली कथा निघते, मग नियमांचा एवढा बाऊ कशाला? सूत्रधाराचें स्वातंत्र्य हें या खेळजातीचें भूषण आहे यांत शंका नाहीं; २०१४ च्या आवृत्तीनें तर अंक न मोजतां कथेच्या टप्प्यावर पात्रांना वर चढविण्याची मोकळीकहि सूत्रधाराला दिली आहे. पण ती मोकळीक हाहि वाढीचाच एक नियम आहे! अंक मोजणें थांबलें म्हणजे मोल ठरविणें थांबत नाहीं. तें पुस्तकाच्या हातून सूत्रधाराच्या हातीं येतें. त्याची जबाबदारी त्यामुळें वाढते, कमी होत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलाच्या हातीं असें पुस्तक दिसल्यास वेष्टनावरून निकाल देऊं नका. त्याला जवळ बसवून तीन प्रश्न विचारा : तुझें पात्र कशानें वाढतें? त्याला एकट्याला काय येत नाहीं, आणि तेव्हां तें कोणाची मदत घेतें? आणि हरल्यावर त्याचें काय होतें? मूल आनंदानें सांगेल, आणि त्या तीन उत्तरांतून खेळाची जी ओळख तुम्हांला होईल ती शंभर चित्रें पाहून होणार नाहीं. अभ्यासाची व झोंपेची वेळ सांभाळून मित्रांसमवेत हिशेब, भाषण व कल्पना यांचा असा व्यायाम होत असेल, तर त्याला मना करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याशींहि दोन शब्द. नियम छापलेला आहे एवढ्यावरून तो अटळ समजूं नका. हे खेळ रचणाऱ्यांनीं स्वतःच ते वारंवार बदलले आहेत. तुमच्या टेबलावर पेटीबद्दल अंक मिळत असतील, तर ती पेटी ज्याची त्याला परत केल्याबद्दल किती द्यावे, हें खेळास बसण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून ठरवा. शत्रूला मारल्याबद्दल पांच असतील, तर त्याच्याशीं तह केल्याबद्दल दहा देऊन पाहा, आणि तुमची कथा कोठें जाते तें पाहा. खेळ चालूं असतां मात्र ठरलेला नियम मोडूं नका; बदल करणें तें डाव मांडण्यापूर्वीं.

शेवटीं, हा प्रश्न टेबलापुरता नाहीं हेंहि लक्षांत घ्यावें. शाळेच्या भिंतीवर सुंदर वचनें लावलेलीं असतात. तीं वेष्टनावरील चित्रें होत. शाळेची खरी ओळख पाहावयाची तर बक्षिससमारंभाच्या दिवशीं यावें, आणि टाळ्या कोणाला मिळतात तें पाहावें. केवळ पहिल्या क्रमांकाला मिळत असतील तर शाळेनें एक गोष्ट शिकविली. मागें पडलेल्या सोबत्याला वर्षभर गणित समजावून सांगणाऱ्यालाहि मिळत असतील तर दुसरी. घराचेंहि असेंच आहे. मूल संध्याकाळीं घरीं आल्यावर आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतों, 'गुण किती मिळाले?' कीं 'आज कोणाला मदत केलीस?' हा आपल्या घरांतील वाढीचा नियम आहे. आपण तो लिहून ठेवीत नाहीं; मुलें मात्र तो पहिल्या दिवसापासून पाठ करतात.